दार रुंद, मेज एकच
(मंडळीत परत येणाऱ्यांच्या स्वागताविषयी एक अभ्यास)

शास्त्रभाग : लूक १५:११-३२, रोम १५:७, गलती २:११-१४, २ करिंथ २:५-११

पुष्कळ वर्षांपूर्वी मी ज्या मंडळीत वडील म्हणून सेवा करीत होतो, तेथे घडलेली एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. कारण या लेखाचे मूळ तिच्यात आहे. नाताळचे दिवस संपल्यावरच्या एका साध्या रविवारी एक गृहस्थ उपासनेला आले व दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसले. सहा-सात वर्षे त्यांचे पाऊल मंदिरात पडले नव्हते. आशीर्वचन झाल्यावर मी पुढे जाऊन त्यांचा हात हाती घेतला आणि हसत म्हणालो, "काय हो, आज वाट चुकलात की काय?" तेही हसले. पुढच्या रविवारी ते आले नाहीत, त्यानंतरही नाहीत. काही महिन्यांनी मला कळले की, त्या रविवारी त्यांच्या पत्नीच्या निधनाला बरोबर एक वर्ष झाले होते. तिच्या दीर्घ आजारात मंडळीतून कोणीही त्यांच्या घरी गेले नव्हते. मीही गेलो नव्हतो.

माझ्या त्या वाक्यात अपमान करण्याचा हेतू नव्हता. तरी पण दूर राहिल्याचा सगळा दोष त्यांचाच आहे, असे ते वाक्य त्यांना सांगून गेले. जो परत येतो तो कशासाठी गेला होता, हे आपण विचारीत नाही. तो गेला एवढेच आपण लक्षात ठेवतो. या दोषाचा आपण आज शास्त्राच्या व इतिहासाच्या प्रकाशात विचार करू. इतिहासातील उदाहरण मी तंजावूरच्या मंडळीचे घेत आहे. ते दूरचे वाटेल, पण परके नाही.

१. तंजावूरची मंडळी

शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावूर घेतले, आणि भोसले घराण्याचे राज्य तेथे १८५५ पर्यंत टिकले. सरस्वती महाल ग्रंथालयातील मराठी हस्तलिखिते आणि बृहदीश्वराच्या मंदिरातील मराठी शिलालेख आजही त्या राज्याची साक्ष देतात. याच दरबारात ख्रिश्चियन फ्रेडरिक श्वार्ट्झ (१७२६-१७९८) या लुथरन मिशनऱ्याला मान होता. ते तमिळ उत्तम जाणत व दरबारी लोकांशी बोलता यावे म्हणून मराठीही शिकले होते. तुळजाजी राजांनी १७८७ मध्ये मृत्यूपूर्वी आपला दत्तक पुत्र सरफोजी याला श्वार्ट्झ यांच्या हवाली केले. सरफोजी राजे ख्रिस्ती झाले नाहीत. परंतु गुरूविषयीचे त्यांचे प्रेम शेवटपर्यंत ढळले नाही. शिवगंगा बागेजवळ १७७९ मध्ये श्वार्ट्झ यांनी बांधलेल्या प्रार्थनामंदिरात एक संगमरवरी शिल्प आहे. मरणशय्येवरील श्वार्ट्झ आणि त्यांच्याजवळ उभे असलेले सरफोजी, असा देखावा त्यात कोरलेला आहे. ते शिल्प राजांनी इंग्लंडमधील फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतले.

श्वार्ट्झ यांचा दुसरा प्रसिद्ध शिष्य म्हणजे वेदनायगम शास्त्री (१७७४-१८६४). ते जातीने वेल्लाळ, सरफोजींचे बालपणापासूनचे स्नेही आणि तमिळ ख्रिस्ती काव्याचे एक थोर निर्माते. त्यांची गीते तमिळ मंडळ्यांत आजही गायिली जातात. अशा या मंडळीत फूट पडावी आणि तिच्यातील कित्येक जुनी घराणी उपासनेपासून दूर व्हावीत, हे कसे घडले?

२. ते का गेले?

श्वार्ट्झ यांच्या काळी मंदिरात वेल्लाळ एका बाजूस बसत आणि ज्यांना अस्पृश्य मानले जाई ते परैयर दुसऱ्या बाजूस. प्रभुभोजनालाही पूर्वीचे आधी व दुसरे मागून येत. जुन्या मिशनऱ्यांना ही प्रथा रुचत नसे, पण ती हळूहळू जाईल अशी आशा त्यांनी धरली. श्वार्ट्झ यांच्या मृत्यूनंतर तिसेक वर्षांनी ही मंडळी नव्या मिशनऱ्यांच्या हाती आली, आणि त्यांनी हे सहन करायचे नाही असे ठरवले. त्याबरोबर त्यांनी आणखीही काही बदलले. तंजावूरच्या ख्रिस्ती लोकांच्या तक्रारी मुख्यतः चार होत्या. पहिली, फाब्रिसियस यांचे जे तमिळ शास्त्र त्यांना मुखोद्गत होते त्याचे शब्द बदलले जात आहेत. दुसरी, सर्व जातींना बळेच एकत्र केले जात आहे व न ऐकणाऱ्यांना बहिष्कृत केले जात आहे. तिसरी, लग्न व अंत्यविधी अशा प्रसंगी फुले वापरण्यास मनाई केली आहे. चौथी, तमिळ गीते व वाद्ये मंदिरातून काढली जात आहेत. शास्त्रींनी १८२९ मध्ये जातिभेद मोडण्याच्या विरुद्ध स्वतंत्र लेखनही केले.

पुढे १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी दक्षिणेतील मंडळ्यांना पत्र पाठवले : मंडळीत जातिभेद ताबडतोब व कायमचा बंद झाला पाहिजे. परिणामी मद्रासच्या वेपेरीत, त्रिचनापल्लीत व तंजावुरात पुष्कळ वेल्लाळ कुटुंबे उपासना सोडून गेली. १८३५ च्या आरंभी बिशप विल्सन स्वतः तंजावूरला आले, दुरावलेल्यांशी बोलले. काही जण परतले. पुष्कळ जण दूरच राहिले. नंतर १८४० च्या दशकात लाइपझिग मिशनचे लुथरन मिशनरी या भागात काम करू लागले, तेव्हा दुरावलेल्यांपैकी काही त्यांच्याकडे गेले, कारण तेथे जातीविषयीचे धोरण सौम्य होते.

३. चार तक्रारी, दोन प्रकार

मी व्यवसायाने शास्त्राचा भाषांतरकार आहे. म्हणून पहिली तक्रार वाचताना मी थांबतो. एकदा नव्या भाषांतराचा मसुदा मी खेड्यातील एका मंडळीत वाचून दाखवीत होतो. वाचन संपल्यावर एक आजी म्हणाल्या, "शब्द सोपे झाले, बाबा, पण माझ्या आईने मरताना म्हटलेले वचन ह्यात राहिले नाही." आमची दुरुस्ती मुळाला धरून होती, तरीही त्या आजींचे नुकसान खरे होते. तंजावूरच्या लोकांचे शब्द, त्यांची फुले व त्यांची गीते यांविषयीचे दुःख याच जातीचे होते. ते ऐकून घेणे मंडळीचे कर्तव्य होते, आणि त्यांपैकी पुष्कळसे मंडळीला देता आले असते.

दुसरी तक्रार मात्र निराळी आहे. आपल्या शेजारी दलित बंधू बसू नये, ही मागणी मंडळी कोणालाही देऊ शकत नाही. ती तिची नाहीच. मेज प्रभूचे आहे. दुःखाची गोष्ट अशी की, या चारही गोष्टी एकाच काळात व एकाच अधिकाराने लोकांपुढे आल्या. गीत गमावल्याचे दुःख आणि उच्चपणा गमावल्याचा राग एकमेकांत मिसळले, आणि लोकांनी ते दोन्ही एकच मानले. परत येणाऱ्याचे स्वागत करणाऱ्याने पहिली गोष्ट शिकावी ती ही : त्याची तक्रार पूर्ण ऐकावी, मग तिचे भाग वेगळे करावेत. जेथे आपले चुकले तेथे क्षमा मागावी. जेथे प्रभूची आज्ञा आहे तेथे नम्रतेने, पण ठाम राहावे.

४. शास्त्र काय शिकवते?

(अ) पिता बाहेर येतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातील धाकट्या मुलाने घरी म्हणण्यासाठी एक भाषण तयार केले होते. त्याच्या शेवटी, मला मोलकऱ्यांप्रमाणे ठेवा, अशी विनंती होती (वचन १९). बापापुढे मात्र तो भाग उच्चारला जात नाही (वचन २१). काही प्राचीन हस्तलिखितांत तो भाग येथेही आढळतो. परंतु पुष्कळ अभ्यासक तो नक्कल करणाऱ्यांनी मागाहून जोडला असे मानतात. बापाने मध्येच झगा, अंगठी व जोडा आणण्यास सांगितले आणि मुलाची अट बोलायची राहून गेली. परत येणाऱ्याला आधी मोलकरी करून मग पुत्र करावे, अशी पद्धत या घरात नाही.

(आ) तोच पिता दुसऱ्यांदाही बाहेर येतो. या वेळी थोरल्यासाठी (वचन २८). थोरला धाकट्याला भाऊ म्हणत नाही. बापाचा मुलगा म्हणून त्याचा उल्लेख करतो. बाप उत्तरात तो तुझा भाऊ आहे, असे नाते परत जोडून देतो. पण त्याआधी, जे माझे ते सर्व तुझे आहे, अशी तो थोरल्याचीही खात्री करून देतो. परतलेल्याच्या स्वागताने राहिलेल्याचे काही कमी होता कामा नये. आता तंजावूरकडे पाहा. तेथे मंदिरात जे राहिले त्यांत दलित ख्रिस्ती बंधुभगिनी होत्या. मला कधी करडूही मिळाले नाही, ही थोरल्याची तक्रार बापाच्या घरी खरी नव्हती. या लोकांच्या तोंडी ती खरी ठरली असती. गेलेल्यांना परत आणण्यासाठी पुन्हा दोन बाजू केल्या असत्या, तर एका भावाला आत घेताना दुसऱ्याला दाराबाहेर काढल्यासारखे झाले असते.

(इ) मेज दुभंगू नये. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीय बंधूंबरोबर जेवत असे. यरुशलेमेहून काही माणसे आल्यावर तो भिऊन वेगळा झाला, आणि बर्णबासुद्धा त्याच्या मागे गेला. पौलाने सर्वांसमक्ष त्याला विरोध केला (गलती २:११-१४). पेत्राने मताने काही नाकारले नव्हते, केवळ जेवणाची जागा बदलली होती. पौलाच्या दृष्टीने एवढ्यानेच सुवार्तेचे सत्य वाकडे झाले.

(ई) जवळ घेणे. रोम १५:७ मध्ये पौल परस्परांचा स्वीकार करण्यास सांगतो. तेथील ग्रीक क्रियापद प्रोस्लाम्बानो हे आहे. त्याचा मूळ भाव आपल्याजवळ ओढून घेणे असा आहे. ओनेसिमाला माझ्याप्रमाणे घे, असे फिलेमोनाला सांगताना पौल हेच क्रियापद वापरतो (वचन १७). प्रेषितांच्या कृत्यांत माल्टा बेटावरील लोकांसाठीही तेच आले आहे : पाऊस व थंडी होती म्हणून त्यांनी शेकोटी पेटवून फुटलेल्या तारवातील सर्वांना जवळ घेतले (२८:२). त्या बेटकऱ्यांनी तुम्ही कोठून आलात हे आधी विचारले नाही. आधी शेकोटी पेटवली.

(उ) प्रेम जाहीर करणे. २ करिंथ २:८ मध्ये, ज्याला मंडळीने शिक्षा केली त्याच्यावरील प्रेम पक्के करा, असे पौल म्हणतो. येथील क्रियापद कराराला मंजुरी देण्याच्या कायदेशीर अर्थानेही वापरले जाते (पाहा गलती ३:१५). मंडळीने ज्याला उघडपणे शिस्त लावली, त्याचा स्वीकारही उघडपणे व्हावा. कित्येकदा आपण शिक्षा पंचांच्या सभेत देतो आणि क्षमा मात्र कानात कुजबुजतो. मग तो मनुष्य वर्षानुवर्षे अर्धवट आत व अर्धवट बाहेर राहतो.

५. प्राचीन मंडळीची साक्ष

इ. स. २५० मध्ये रोमी सम्राट डेसियस याने सर्वांनी देवतांना यज्ञ करून तसा दाखला घ्यावा असा हुकूम काढला. भीतीमुळे असंख्य ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला. काहींनी पैसे देऊन नुसते दाखले मिळवले. छळ ओसरल्यावर ते मंडळीच्या दाराशी आले. २५१ मध्ये कार्थेजचे बिशप सिप्रियन व त्यांच्या सहकाऱ्यांच्या सभेने प्रत्येकाचे प्रकरण वेगळे पाहावे असे ठरवले. ज्यांनी नुसते दाखले घेतले होते त्यांना लवकर घ्यावे. ज्यांनी यज्ञ केला होता त्यांनी दीर्घ पश्चात्तापाच्या मार्गाने यावे. कोणालाही आशेवाचून ठेवू नये. रोममध्ये नोवेशियन याने मात्र अशांना मंडळीने कधीच घेऊ नये असा आग्रह धरला व वेगळा पंथ काढला.

पुढे ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेपुढे नोवेशियनच्या पंथातील पाळकांना परत घेण्याचा प्रश्न आला. आठव्या नियमात परिषदेने त्यांचे स्वागत केले. त्यांचे पाळकपद राहू दिले. अट मात्र घातली : छळाच्या काळी जे डगमगले होते त्यांच्याशी आपण सहभागिता ठेवू, असे त्यांनी लेखी मान्य करावे. म्हणजे परत येणाऱ्याने इतर परत आलेल्यांबरोबर बसण्यास तयार असावे. दार रुंद, मेज एकच.

६. धीर कोठे धरावा?

येथे कोणी विचारील, मग श्वार्ट्झ यांचा धीर चुकीचाच होता काय? आपल्या महाराष्ट्रातील एक उदाहरण मला यात मदत करते. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या, मग पतीकडे आल्या, त्याही आपले सोवळे घेऊनच. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. विचार करता करता एके दिवशी लक्ष्मीबाईंनी स्वतःच जातिभेद टाकला, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्यास ही हकीकत ठाऊक आहे.

लक्ष्मीबाईंना मिळालेला वेळ त्यांच्या स्वतःच्या ताटापुरता होता. त्यासाठी मंडळीतील कोणालाही मागच्या बाकावर बसावे लागले नाही. तंजावुरात मात्र एका गटाला जो वेळ मिळत राहिला त्याची किंमत दुसऱ्या गटाने, तीही प्रभूच्या मेजाशी, भरली. माणसाच्या अंतःकरणाला वेळ द्यावा, पण तो दुसऱ्या माणसाच्या मानातून कापून देऊ नये.

७. आपल्या मंडळीसाठी

प्रिय वाचकहो, आपल्या मंडळ्यांतून आज माणसे दूर जातात ती बहुधा लहान दिसणाऱ्या कारणांनी. आजारपणात कोणी आले नाही. वर्गणी थकली तेव्हा चारचौघांत नाव घेतले गेले. मुलीने धर्माबाहेर लग्न केले. घटस्फोट झाला. पंचांच्या निवडणुकीत भाऊबंदकी झाली. काही ठिकाणी तर पूर्वाश्रमीची जातच कारण असते : सोयरीक जुळवताना, पंच निवडताना, तो मूळचा कोण, असे आपण हळूच विचारतो. तंजावूरच्या दोन बाजू आपण बाकांवरून काढल्या असतील; मनातून काढल्या आहेत काय?

म्हणून काही सूचना करतो.

एक. पहिल्या रविवारी कोणताही प्रश्न विचारू नये. थट्टाही करू नये. आपल्या बाकावर जागा करून द्यावी, गीताचे पुस्तक उघडून हाती द्यावे. एवढे पुरे आहे.

दोन. त्याच आठवड्यात घरी जावे. तेथे आमचे काय चुकले, असे विचारावे आणि उत्तर मध्ये न तोडता ऐकावे.

तीन. लगेच साक्ष देण्यास पुढे उभे करू नये. परतलेला मनुष्य हा आपल्या यशाचा पुरावा नव्हे. तसेच त्याला वर्षानुवर्षे पाहुणा म्हणूनही ठेवू नये; झेपेल असे काम योग्य वेळी द्यावे.

चार. शिस्त लागली असेल तर तिचा शेवट उघडपणे व मंडळीच्या नोंदवहीतही करावा.

पाच. जे राहिले त्यांच्याकडेही जावे. परत येणाऱ्याने मंडळीतील कोणाला दुखावले असेल, तर त्या दुखावलेल्याला आधी भेटावे. स्त्री, मूल किंवा दुर्बल यांच्यावर अन्याय झाला असेल तर त्यांचे रक्षण आधी. क्षमेच्या नावाखाली त्यांना गप्प बसवू नये.

सहा. परत यावे म्हणून मेज दुभंगू नये. वेगळे बाक, वेगळा मान, वेगळी स्मशानभूमी अशी मागणी आली, तर प्रेमाने नाही म्हणावे. आणि नाही म्हटल्यावरही त्या घरी जाणे सोडू नये.

आरंभी सांगितलेल्या गृहस्थांच्या घरी मी गेलो, तो फार उशिरा. त्यांनी चहा दिला. मी माझ्या वाक्याची क्षमा मागितली. ते बराच वेळ पत्नीविषयी बोलले. मंदिराचा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही काढला नाही. ते नंतर एकदा-दोनदा उपासनेला आले. मग त्यांची बदली झाली. ते आज कोणत्या मंडळीत जातात हे मला ठाऊक नाही; पण जेथे कोठे ते शेवटच्या बाकावर बसत असतील, तेथे कोणी तरी सरकून त्यांना जागा करून देत असेल, अशी मी प्रार्थना करतो. आपणही या रविवारी आपल्या मंदिरातील शेवटच्या बाकाकडे एकदा वळून पाहावे.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या पाच वर्षांत आपल्या मंडळीतून कोण कोण दिसेनासे झाले? त्यांच्यापैकी कितींच्या घरी आपण गेलो?

२. तंजावूरच्या चार तक्रारींपैकी कोणत्या प्रकारची तक्रार आपल्या मंडळीत आढळते? कोणती मान्य करता येईल, कोणती नाही, व का?

३. लूक १५:२८-३२ वाचा. आपल्या मंडळीत थोरल्या भावाच्या जागी कोण आहेत? त्यांची कोणती तक्रार खरी आहे?

४. गलती २:११-१४ च्या प्रकाशात आपल्या मंडळीतील प्रभुभोजन, सोयरीक व पंचांची निवड तपासून पाहा. मेज एकच आहे काय?